मागचा जिना

पोरी, गिरणीच्या आवारातल्या गच्चीवरच्या बारमध्ये तुला फ्लोअर मॅनेजरची नोकरी लागली. तू पेढे आणलेस आणि तुझ्या आईने कामाची वेळ ऐकून पेढा हातातच धरून ठेवला. तिची समजूत मी घातली. रात्रीचं काम आपल्या घराला नवं नाही. तुझ्या पणजोबांनी गिरणीच्या साचाखात्यात सेकंड पाळीत उमर काढली. मी १९७७ साली अग्निशमन दलात भरती झालो, तो २०१० साली निवृत्त होईपर्यंत पाळ्याच केल्या. डिलाईल रोडच्या या खोलीचं दार रात्री साडेबाराला वाजलं तर कोणी दचकायचं नाही. तुझी पणजी उठायची आणि ताट वाढायची.

तरीही तू परत येईपर्यंत मला झोप लागत नाही. जागेपणी मनात जे जमत गेलं ते आज सांगून टाकतो. शनिवारी रात्री दोन-अडीचशे माणसं तुझ्या भरवशावर त्या गच्चीवर नाचणार आहेत आणि तीस-चाळीस पोरं तुझ्या हाताखाली राबणार आहेत. त्यांतल्या एकेकाच्या घरी असंच कोणी तरी जागं असणार.

पहिली गोष्ट माझी नाही, तुझ्या पणजोबांची आहे. मी भरती झालो त्या आठवड्यात त्यांनी मला जवळ बसवलं आणि म्हणाले, "कुठल्याही खात्यात पाय टाकलास की आधी दुसरं दार बघ. आलास त्या दाराने बाहेर पडायचं मनात आणू नकोस. त्या दारावर सगळेच येणार." गिरणीत हवेत सतत कापसाचा भुगा तरंगत असायचा. एखादी ठिणगी पडली की आग कापसावरून पळत जायची, माणसाच्या पायांपेक्षा जलद. म्हणून जुने कामगार नव्या पोराला यंत्र दाखवण्याआधी दार दाखवायचे. पुढे दलात तेच आम्हाला पुस्तकातून शिकवलं. माणूस घाबरला की ओळखीच्या वाटेने पळतो, आणि त्याच्या ओळखीची वाट एकच असते, ज्या वाटेने तो आत आला ती.

२९ डिसेंबर २०१७ ची रात्र तुला आठवते का? तू शाळेत होतीस. बारा वाजून अर्धा तास झाला असेल. बंबांचे भोंगे ऐकून मी खाली उतरलो आणि चालत कमला मिलकडे गेलो. निवृत्त माणसाला आत काही काम नव्हतं, मी सेनापती बापट मार्गावर उभा राहिलो. वर गच्चीवर दोन रेस्तराँ पेटली होती. बांबू, कापड, ताडपत्री, सगळं वाळलेलं. हुक्क्याचे निखारे उडून पडद्यांना आग लागली असावी, असं पुढे दलाच्या चौकशीत आलं. त्या रात्री १४ माणसं गेली, त्यांतल्या ११ बायका होत्या. बहुतेकजण जळून मेले नाहीत, धुराने गुदमरले. आणि पुष्कळजण स्वच्छतागृहात सापडले.

हे नीट समजून घे, कारण तुझ्या कामाचं मूळ इथे आहे. धूर आला की माणूस पाणी शोधतो. बाथरूममध्ये पाणी असतं, दार लावता येतं, पहिलं मिनिटभर तिथे हवाही बरी वाटते. म्हणून तो आत शिरतो. पण तिथून पुढे वाट नसते. तापलेला धूर आधी छताला जाऊन भिडतो आणि मग वरून खाली उतरत येतो. काही वेळ जमिनीलगत श्वास घेण्याजोगी हवा राहते, म्हणून आम्ही रांगत आत जायचो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणसाला कळायच्या आत त्याच्या पायांतलं बळ जातं. तेव्हा तुझ्या हाताखालच्या प्रत्येक पोराला एक गोष्ट घोकून घ्यायला लाव: आग म्हटली की एकाने पळत जाऊन बाथरूम रिकामं करायचं. आत कोणी शिरायचं नाही आणि आत आहेत त्यांना बाहेर काढायचं. हे काम कोणाचं, त्याचं नाव रोज संध्याकाळी ठरलेलं असू दे. "कोणीतरी बघेल" असं ज्या कामाबद्दल म्हणतात ते काम कोणी बघत नाही, हे मी आगीच्या पुष्कळ वर्द्यांवर पाहिलं आहे.

त्याच रात्री त्या इमारतीतल्या एका सुरक्षारक्षकाने कितीतरी लोकांना जिन्याने खाली उतरवलं. त्याच्याजवळ काय होतं? शिडी नाही, होज नाही, मास्क नाही. त्याला जिना ठाऊक होता. गिऱ्हाइकांना तो ठाऊक नव्हता.

आता तुझा मागचा जिना. बारला मागचा जिना असतो, नकाशावर असतो, परवान्यासाठी दाखवलेलाही असतो. महिन्याभराने जाऊन बघावं तर पायऱ्यांवर बिअरचे क्रेट, मोडक्या खुर्च्या, कांद्याची पोती, आणि दाराला कुलूप. कुलूप का, म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: लोक बिल बुडवून पळतात आणि बाहेरचे फुकटात आत शिरतात. मालकाची अडचण खोटी नाही, पण त्याला उपाय कुलूप नव्हे. तिथे एक माणूस बसव. आतून ढकललं की उघडेल आणि बाहेरून उघडणार नाही असं दार मिळतं, ते लावून घे. दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे. आत उघडणाऱ्या दारावर गर्दी रेटली की ते कोणाच्या बापाला उघडत नाही. अमेरिकेत बॉस्टन शहरात १९४२ साली कोकोनट ग्रोव्ह नावाच्या नाइट क्लबमध्ये ४९२ माणसं मेली. पुढचं फिरतं दार माणसांनी गच्च अडकलं होतं आणि बाकीची दारं कुठे बंद होती, कुठे आत उघडणारी. २०१३ साली ब्राझीलमध्ये सांता मारियाच्या किस क्लबमध्ये २४२ गेले. तिथेही पुष्कळजण बाथरूममध्ये सापडले. आणि दारावरच्या रक्षकांनी सुरुवातीला लोकांना अडवलं, कारण त्यांना वाटलं हे बिल न भरता पळताहेत, असं तिथून वाचलेल्यांनी सांगितलं. तुझ्या बाउन्सरना हे सांग. "आग" हा शब्द कानावर पडला की बिलाचा विचार तिथेच संपला, आणि हे मालकाच्या तोंडून त्यांच्यासमोर एकदा वदवून घे. नाहीतर त्या घटकेला पोरगं नोकरीच्या भीतीने दार धरून उभं राहील.

दुसरं, आवाज. तुमच्या डीजेला हाताशी धर. आग असो, मारामारी असो, कोणी कोसळलेलं असो, पहिलं काम गाणं बंद आणि सगळे पांढरे दिवे चालू. गाणं चालू असेल तोवर लोकांना धोका खरा वाटत नाही. मंचावर खोटा धूर सोडता ना तुम्ही? मग खरा धूर आला तर पहिल्यांदा लोक टाळ्या वाजवतील. अंधारात, रंगीत उजेडात आणि दारूच्या अमलात माणसाला दार दिसत नाही. एक बटण दाबलं की गाणं थांबून दिवे लागतील अशी सोय विजेवाल्याकडून करून घे आणि ते बटण तुझ्या, डीजेच्या आणि बारवरच्या माणसाच्या हाताला अंधारातही सापडलं पाहिजे. मग माइकवरून कोण बोलणार, काय बोलणार, तेही आधी ठरव. दोन वाक्यं पुरे. "गाणं थांबवलंय. सगळ्यांनी डाव्या हाताच्या जिन्याने चालत खाली उतरा." कुठल्या बाजूने जायचं ते त्यात असलंच पाहिजे. "घाबरू नका" एवढंच सांगितलं तर लोक घाबरतात.

आवाजाने काय होतं ते आपल्याच भागात आपण पाहिलं आहे. कमला मिलच्या आगीच्याच वर्षी, २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ माणसं चेंगरून मेली. पाऊस होता, लोक जिन्यावर थांबले होते, मागून गाड्यांची गर्दी येतच होती. कोणीतरी "फूल गिर गया" म्हणालं आणि लोकांनी "पूल गिर गया" ऐकलं, असं वाचलेले सांगत होते. खरं-खोटं देव जाणे. पण जिन्यावर दाटलेल्या गर्दीला चुकीचा एक शब्दही पुरतो, याबद्दल मला शंका नाही. म्हणून ३१ डिसेंबरला तुमच्या जिन्यावर, लिफ्टच्या तोंडाशी लोक थांबू देऊ नकोस. वर जागा भरली असेल तर खाली फाटकावरच थांबव. गच्चीवर किती माणसं मावतात तो आकडा परवान्यात असतो. तो पाठ कर, आणि दारावरच्या पोराच्या हातात माणसं मोजायचं यंत्र दे. मालक म्हणेल अजून चार टेबलं घाल. त्या वेळी "नाही" म्हणायचा पगार तुला मिळतो असं समज.

कागदांबद्दल फार बोलत नाही. एवढं ध्यानात ठेव की २००६ च्या महाराष्ट्राच्या आगप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दरवर्षी जानेवारीत आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून "फॉर्म बी" द्यावा लागतो. तो बघायला माग. कागदावर शिक्का असला तरी होजचा नळ स्वतः उघडून बघ, पाण्याची धार येते का. भिंतीवरचा लाल सिलिंडर खाली उतरवून काटा हिरव्यात आहे का बघ आणि पोरांना एकदा तो चालवायला दे. सिलिंडर कुठे टांगलाय हे ठाऊक असणं आणि पिन ओढलेली असणं यांत फार फरक आहे. आणि तळणाच्या तेलाची कढई पेटली तर तिच्यावर पाणी टाकायचं नाही. गॅस बंद करायचा आणि झाकण सरकवायचं. स्वयंपाकघरातली पोरं परगावची असतात, भाषेची अडचण असते, त्यांना कोणी काही सांगत नाही. त्यांना आधी सांग. गोव्यात हडफड्याला डिसेंबर २०२५ मध्ये नाइट क्लबला आग लागून २५ माणसं गेली. त्यांतले बहुतेक पाहुणे नव्हते, तिथे राबणारे कामगार होते. आणि गल्ली अरुंद म्हणून बंबांना लांब थांबावं लागलं.

त्या बंबाच्या वाटेवरून सांगतो. आवाराच्या फाटकापासून तुमच्या इमारतीपर्यंत बंब येतो का, हे तू स्वतः चालून बघ. आमचे ड्रायव्हर सांगायचे, पाण्यापेक्षा वाट महत्त्वाची. पाणी टँकरने येतं, वाट कुठून आणणार? शनिवारी रात्री व्हॅलेवाली पोरं वळणावर गाड्या लावून जातात आणि चाव्या खिशात घेऊन बसतात. शिडीचा बंब वळायला अंगण लागतं. तुमच्या एकट्याच्या बारने हे होणार नाही, आवारातल्या सगळ्या हॉटेलवाल्यांनी मिळून ठरवावं लागेल की या कोपऱ्यापासून त्या खांबापर्यंत एकही गाडी नाही, कोणाचीच नाही, मालकाचीही नाही. डिलाईल रोडचा पूल २०१८ साली बंद झाला तो पुरता उघडायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. ती पाच वर्षं मी रोज मनात हिशोब करायचो की पलीकडून बंब यायचा तर कुठून कसा येईल. पुलाचं आपल्या हातात नव्हतं. आवारातलं वळण मात्र तुमच्या हातात आहे.

आता खालच्या रस्त्याचं सांगतो. आग वर्षातून एकदा लागेल न लागेल, पण रस्ता रोज रात्री आहे.

तुझे पणजोबा मध्यरात्री पाळी सुटली की चालत यायचे. एकटे कधीच नसायचे. भोंगा व्हायचा, फाटक उघडायचं, शेकडो माणसं एकदम रस्त्यावर. थर्ड पाळीवाले समोरून आत जायचे. चहावाला जागा, पानवाला जागा, खाणावळीत चूल पेटलेली, चाळींच्या व्हरांड्यात माणसं झोपलेली. एखादी नर्स परळहून एकटी येत असली तरी तिला हाक मारणारं कोणी ना कोणी दर पन्नास पावलांवर असायचं. तेव्हा गुंडगिरी नव्हती असं मी म्हणणार नाही, या भागाने टोळ्याही पाहिल्या. पण रस्ता ओळखीच्या डोळ्यांखाली असायचा. १९८२ च्या संपानंतर भोंगे बंद होत गेले आणि रात्री बाराचा रस्ता ओस पडला. आज तिथे पुन्हा रात्रीची माणसं आली आहेत, याचं मला वाईट वाटत नाही. पण ती एकमेकांना ओळखत नाहीत आणि रस्त्याला ओळखत नाहीत. ती ओळख तू करून घे.

फाटकाबाहेरचा भुर्जीवाला, सिगरेटवाला, टॅक्सीवाले, समोरच्या इमारतीचा वॉचमन, पहाटे येणारी झाडूवाली मावशी, यांची नावं तुला ठाऊक असली पाहिजेत आणि तुझा नंबर त्यांच्याकडे. कोण रोज फाटकाजवळ घुटमळतो, कोणत्या मोटारसायकलवरून पोरींचा पाठलाग होतो, कुठला दिवा चार दिवस बंद आहे, हे कॅमेऱ्याच्या आधी त्यांना कळतं. कॅमेरे लावा, जरूर लावा, पण ते घडून गेलेलं दाखवतात. भुर्जीवाला घडत असताना ओरडतो. त्याला तुमचा मालक फाटकावरून हाकलायला निघेल, तेव्हा तू आडवी जा.

चाळीतल्या लोकांचंही तसंच. तुमच्या गाण्याच्या दणक्याने म्हाताऱ्यांना झोप येत नाही, पोरांना परीक्षा असतात. ते तक्रार करतात ती दुष्टाव्याने नव्हे. जाऊन भेट, गणपतीत ये, नंबर दे, आणि फोन आला की आवाज खरोखर कमी कर. ज्यांच्याशी भांडण आहे ते लोक रात्री खिडकी लावून घेतात. ज्यांच्याशी बोलणं आहे ते खिडकीतून बघतात आणि कोणी किंचाळलं तर खाली उतरतात. पोलीस ठाण्याच्या बीटवरच्या हवालदारालाही कामापुरता ओळखून ठेव, रात्रपाळीच्या अधिकाऱ्याचा नंबर बारच्या भिंतीवर लिहून ठेव. ११२, आगीला १०१, रुग्णवाहिकेला १०८, बायकांसाठी मुंबई पोलिसांचा १०३, हे चार आकडे तुझ्या प्रत्येक पोराला झोपेत विचारले तरी आले पाहिजेत.

सगळ्यात वाईट वेळ कोणती, सांगू? दीड ते चार. बार दीडला बंद होतात. शेवटची लोकल साधारण एकच्या सुमाराला निघून गेलेली असते आणि पहिली चारच्या पुढे. रिक्षा या भागात चालत नाही, तिला वांद्रे आणि शीवच्या पलीकडेच परवानगी. म्हणजे दीड वाजता आवारातले सगळे बार एकदम आपली माणसं रस्त्यावर ओततात आणि घरी जायला असते फक्त टॅक्सी, तीही मागेल त्या भावाने. मारामाऱ्या तिथे होतात, मोबाइल तिथे जातात, एकट्या पोरीला "सोडतो" म्हणणारे तिथे उभे असतात. पिऊन गाडी हातात घ्यायचा मोहसुद्धा तिथेच होतो, कारण दुसरी वाट दिसत नाही. म्हणून माणसं एकदम बाहेर ढकलू नका. शेवटची ऑर्डर एकला घ्या. मग गाणं हळू करा, दिवे थोडे वाढवा, पाणी द्या, गरम काहीतरी खायला द्या. ज्याची टॅक्सी आली तो खाली उतरेल, बाकीचे वर बसतील. शेजारच्या बारवाल्यांशी बोलून सुटायच्या वेळा दहा-पंधरा मिनिटांनी मागेपुढे केल्यात तर फाटकावरची अर्धी चेंगराचेंगरी संपते. गिरण्यांच्या भोंग्यांत असाच थोडा थोडा फरक असता तर बरं झालं असतं, असं पणजोबा म्हणायचे.

पिणाऱ्यांबद्दल. आपल्या राज्यात बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पुरी लागतात. ओळखपत्र बघितल्याशिवाय ग्लास जाता कामा नये, कितीही मोठ्या बापाचं पोर असो. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. त्या मुलाला दारू दिल्याच्या आरोपाखाली बारच्या व्यवस्थापकांनाही अटक झाली. व्यवस्थापक म्हणजे तू. रक्तात दर १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली की गाडी चालवणं गुन्हा आहे, पहिल्या खेपेला दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण झिंगलेल्याला कायदा ऐकवून तो चावी देत नाही. त्याच्या मित्राला बाजूला घे, चावी मित्राकडे माग. पोरींचं तो ऐकत नसेल तर म्हाताऱ्या वॉचमनला पुढे कर, मी असे चमत्कार पाहिले आहेत. "गाडी इथे रात्रभर फुकट उभी राहील, सकाळी न्या" हे वाक्य मालकाकडून मंजूर करून घे.

कोणी शुद्ध हरपून पडलं तर त्याला उताणं निजवायचं नाही. उलटी झाली तर ती घशात अडकून माणूस जातो. कुशीवर वळवायचं, वरचा गुडघा पुढे घ्यायचा, तोंड खाली झुकतं ठेवायचं आणि एकाने शेजारी बसून श्वास बघत राहायचं. कॉफी पाजणं, तोंडावर पाणी मारणं, गाडीत झोपवून ठेवणं, यांतलं काही नको. हलवून जाग येत नसेल, श्वास अडखळत असेल, अंग गार पडत असेल तर १०८. आणि रस्त्यावर अपघात झालेल्याला उचलायला पोरं घाबरतात, पोलीस मागे लागतील म्हणून. त्यांना सांग, मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४अ आलंय. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही.

मुलींबद्दल तुला मी काय सांगणार? तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी दोन गोष्टी म्हाताऱ्याच्या ऐक. एखादी मुलगी काउंटरशी येऊन म्हणाली की तो माणूस मला त्रास देतो, तर तिला पहिला प्रश्न "काय झालं?" विचार. "एकटी का आलीस", "किती प्यायलीस" हे प्रश्न तुझ्या बारमध्ये कोणी विचारायचे नाहीत. तिला तुझ्या खोलीत बसव, टॅक्सीचा नंबर लिहून घे, घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत तू कामावरून उठू नकोस. तक्रार द्यायची असली तर कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून तिला परत पाठवता येत नाही. आणि दुसरी गोष्ट तुझ्या आणि तुझ्या पोरींच्या हक्काची. दुकानं-आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि तिच्या संरक्षणाची व्यवस्था लागते. घरापर्यंत गाडी ही मालकाची मेहेरबानी नव्हे. ती तू माग, भांडी घासणाऱ्या पोरीसाठीही माग. ती विरारला राहते आणि पहिल्या लोकलची वाट बघत फलाटावर बसते, हे तूच मला परवा सांगितलंस. ते ऐकल्यापासून मला तुझ्यापेक्षा तिची काळजी जास्त वाटते.

आज कामावर जाशील तेव्हा लिफ्टने जाऊ नकोस. मागच्या जिन्याने चढ, पायऱ्या मोजत जा, वाटेत जे काही आडवं येईल ते आजच उचलायला लाव. रात्री आलीस की मला आकडा सांग. मी जागा असेन.